झटका ओसरला, धोका नव्हे

रामानुजाचार्यांचे जन्मस्थान असलेले चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर आज मोटार व इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांसाठी ओळखले जाते. अशा ठिकाणी रात्रपाळीत एखाद्याचा हात अचानक लुळा पडावा, वाचा अडखळावी आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत व्हावे, तर थकवा समजून तो पुन्हा कामाला लागण्याचाच संभव अधिक. वस्तुतः तो मेंदूचा सौम्य झटका असू शकतो.

पूर्वी लक्षणे २४ तासांत ओसरली की झटका सौम्य मानला जाई. २००९ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने घड्याळाऐवजी मेंदूतील इजा हाच निकष धरला. सीटी स्कॅन निर्दोष आला तरी एमआरआयच्या ‘डिफ्यूजन’ तपासणीत अशा सुमारे एकतृतीयांश रुग्णांमध्ये ताजी इजा आढळते. त्यांना पुढील पक्षाघाताचा धोका अधिक असतो. एमआरआय निर्दोष असला, तरी मानेच्या रक्तवाहिन्या व हृदय तपासावेच लागते.

हा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. ऑक्सफर्ड येथील २००७ च्या अभ्यासात तातडीच्या उपचारांमुळे तीन महिन्यांतील पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. तेव्हा वाचकहो, लक्षणे गेली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे श्रेयस्कर.