साखळी दुकानांची कडी कुठे तुटली?

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर शहरात १९७१ साली टॉम आणि लुई बॉर्डर्स या भावांनी पुस्तकांचं दुकान थाटलं. कुठलं पुस्तक किती खपतं याचा हिशेब ठेवणारी संगणकप्रणाली हे त्यांचं खरं बळ. नोकरी मागायला येणाऱ्याला पुस्तकांवरची परीक्षा द्यावी लागे. पुढे दुकानाची मोठी साखळी झाली आणि गणित बदललं.

मोठ्या साखळीत पुस्तकांची निवड बहुधा मुख्यालयात होते. दर्शनी टेबलावरच्या जागेसाठी प्रकाशक पैसे मोजतात आणि न खपलेल्या प्रती परत घेतात. मग गिऱ्हाईक ओळखणारा विक्रेता खोकी फोडतो, परतीची खोकी बांधतो आणि सदस्यत्वाची कार्डं खपवत बसतो. वाचनाच्या ओढीने नोकरी धरलेल्या माणसाची चिडचिड इथूनच सुरू होते.

बॉर्डर्स साखळीने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री चक्क अ‍ॅमेझॉनकडे सोपवली. स्वतःचं संकेतस्थळ यायला २००८ उजाडलं. त्यात कर्जाचा बोजा. २०११ मध्ये उरलेली ३९९ दुकानं बंद झाली, सुमारे १०,७०० जणांच्या नोकऱ्या गेल्या.

बार्न्स अँड नोबल ही पुस्तकांच्या दुकानांची दुसरी साखळी मात्र सावरली. २०१९ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या जेम्स डाँट यांनी प्रकाशकांकडून जागेचे पैसे घेणं थांबवलं आणि निवडीचा अधिकार दुकानांना दिला. साखळी पुन्हा नवी दुकानं उघडू लागली. विक्रेत्याच्या जाणकारीला कात्री लावून केलेली बचत पुस्तकांच्या धंद्यात महागातच पडते.