सोळा वर्षांनी मोकळी झालेली खुर्ची

"ओपन सीट म्हणजे खुल्या प्रवर्गाची का गं?" अण्णांनी फोनवर विचारलं आणि मला हसू आवरेना. अण्णांचंही बरोबरच होतं म्हणा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी आणि दर निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्युटी. ओपन, ओबीसी, महिला राखीव हीच त्यांची भाषा. मग मी समजावून सांगितलं, "अण्णा, इथे ओपन म्हणजे जुना खासदार पुन्हा उभा नाही. खुर्ची मोकळी झालीय."

ही गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली. त्याच वर्षी वसंतात मी अमेरिकेची नागरिक झाले होते. भारतीय पासपोर्ट परत करताना हात जड झाला होता, हे कबूल करते. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही. साताऱ्यातलं माझं मत कायमचं गेलं. इथलं पहिलं मत द्यायची वेळ आली ती नेमकी या मोकळ्या खुर्चीसाठी.

आम्ही राहतो व्हरमाँटमध्ये. कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं डोंगर, मेपलची झाडं आणि दुधाचे गोठे यांचं छोटं राज्य. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६ लाख ४३ हजार. सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन, तिथे पन्नास हजारही माणसं नाहीत. राजधानी माँटपेलियरची वस्ती आठ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या लोकसभेच्या एका मतदारसंघात यापेक्षा कितीतरी जास्त लोक असतात.

त्यामुळे काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे इथल्या लोकसभेत, अख्ख्या व्हरमाँटचा एकच प्रतिनिधी. १९३३ पासून हे असंच आहे. वायोमिंग, अलास्का, नॉर्थ आणि साउथ डकोटा, डेलावेअर ही बाकीची एकखासदारी राज्यं. अण्णांना हे लगेच पटलं. "म्हणजे आपल्या सिक्कीमसारखं. राज्य तोच मतदारसंघ."

आता या खुर्चीची गंमत बघा. एकदा माणूस बसला की सहसा उठत नाही, आणि उठला तर वर जाण्यासाठीच. जिम जेफर्ड्स १९७५ मध्ये या जागेवर आले आणि पुढे सिनेटवर गेले. बर्नी सँडर्स सोळा वर्षं इथे होते, २००७ मध्ये तेही सिनेटवर गेले. त्यांच्या जागी पीटर वेल्च आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सिनेटर पॅट्रिक लेही यांनी निवृत्ती जाहीर केली. १९७४ मध्ये पहिल्यांदा निवडून आलेला माणूस तो! वेल्च यांनी सिनेटसाठी अर्ज भरला आणि २००६ नंतर पहिल्यांदा ही जागा मोकळी झाली.

आणखी एक गोष्ट होती. पन्नास राज्यांपैकी एकट्या व्हरमाँटने तोवर एकही स्त्री काँग्रेसमध्ये पाठवली नव्हती. पुरोगामी म्हणून मिरवणारं हे राज्य! मॅडेलिन क्युनिन यांच्यासारखी स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली, स्थलांतरित बाई १९८५ मध्ये इथे गव्हर्नर झाली होती, पण वॉशिंग्टनला कुणी गेली नव्हती. कारण साधं. जागाच मोकळी होत नव्हती. बसलेल्या खासदाराला हरवणं महाकठीण.

तर रिंगणात मुख्य नावं दोन. राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर मॉली ग्रे, इथल्याच न्यूबरी गावात शेतावर वाढलेल्या. दुसऱ्या बेका बालिंट, पूर्वी शाळेत शिक्षिका, नंतर राज्याच्या सिनेटच्या प्रमुख. त्यांच्या आजोबांचा होलोकॉस्टमध्ये बळी गेला होता. तिसऱ्या होत्या राज्य सिनेटर केशा राम हिन्सडेल. त्यांचे वडील मूळचे भारतातले, म्हणून आमच्या भारतीय मंडळींत त्यांची चर्चा जास्त. पण मेअखेरीस त्यांनी माघार घेतली आणि बालिंट यांना पाठिंबा दिला. तिघीही डेमोक्रॅट. धोरणांत फारसा फरक नाही.

मी मात्र निवांत होते. निवडणूक नोव्हेंबरमध्ये, मग आत्तापासून कशाला डोकं लावायचं? शिवाय नोव्हेंबरची मतपत्रिका आता इथे सगळ्या मतदारांना घरपोच येते. एकदा आमच्या शेजारीणबाईंना हे सहज बोलले. बाईंचा जन्म गोठ्यात गेलेला. आसपासचे गोठे एकेक करून बंद पडताना त्यांनी पाहिले आहेत. त्या चक्क रागावल्या. म्हणाल्या, "नोव्हेंबरमध्ये फक्त शिक्का बसतो. ठरतं ते ऑगस्टमध्ये. आणि ती मतपत्रिका आपोआप येत नाही, मागावी लागते, नाहीतर स्वतः जावं लागतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या जागेवर डेमोक्रॅट उमेदवार निवडून येणार हे जवळपास नक्की होतं. मग खरी निवड त्यांच्या पक्षाच्या प्रायमरीतच होणार. आणि एकदा निवडलेली व्यक्ती कदाचित पुढची पंधरा-वीस वर्षं तिथे राहणार. म्हणजे ऑगस्टची एक दुपार चुकवली, तर माझी मुलगी कॉलेजात जाईपर्यंत पुन्हा संधी नाही!

धावत टाऊन क्लार्कच्या कार्यालयात गेले. टाऊन क्लार्क म्हणजे आपला ग्रामसेवक म्हणा ना. जन्मदाखल्यापासून कुत्र्याच्या परवान्यापर्यंत सगळं एकाच टेबलावर. नाव नोंदवताना व्हरमाँटची एक जुनी रीत कळली. इथे मतदाराला शपथ घ्यावी लागते. मत देताना राज्याचं भलं कशात आहे ते आपल्या विवेकाला विचारून ठरवीन, कुणाला घाबरून किंवा कुणाची मर्जी राखायला देणार नाही, अशा आशयाची. अठराव्या शतकापासून चालत आलेली ही प्रथा. नागरिकत्वाच्या शपथेला मोठं सभागृह, झेंडे, फोटो. ही शपथ मी खिडकीपाशी एकटीनेच घेतली, पण मनाला तीच जास्त भिडली.

प्रचार बघून अण्णा तर निराशच झाले असते. ना फ्लेक्स, ना भोंगे. व्हरमाँटमध्ये १९६८ पासून रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांनाच बंदी आहे. घरासमोरच्या हिरवळीवर छोट्या पाट्या, चार जुलैची मिरवणूक, शनिवारचा शेतकरी बाजार, चौकात पाटी घेऊन गाड्यांना हात करणारे कार्यकर्ते, बस्स. पण पैसा आलाच नाही असं नाही. बालिंट यांच्यासाठी बाहेरच्या गटाने सुमारे दहा लाख डॉलर खर्च केले आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. सँडर्स बालिंट यांच्या बाजूने उभे राहिले, लेही यांनी आपलं मत ग्रे यांना दिल्याचं सांगितलं. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता. त्यामुळे वॉशिंग्टनला कोण जातंय याला अचानक वजन आलं होतं.

नऊ ऑगस्टला शाळेच्या जिममध्ये गेले. टेबलामागे ओळखीचेच चेहरे. नाव सांगितलं, यादीत खूण झाली आणि हातात तीन मतपत्रिका पडल्या: डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, प्रोग्रेसिव्ह. इथे पक्षाची नोंदणी नसते. तिन्ही घ्यायच्या, एकच भरायची, उरलेल्या दोन कोऱ्या वेगळ्या पेटीत टाकायच्या. तुम्ही कोणती भरली हे कुणाला कळत नाही. मी कुणाला मत दिलं तेही इथे सांगणार नाही. अण्णांनाही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. इतकी वर्षं ड्युटी केलेला माणूस, त्यांना ते चांगलं कळतं. त्यांनी फक्त बोटाच्या शाईचा फोटो मागितला. इथे शाई लावत नाहीत म्हटल्यावर हिरमुसले. शेवटी शर्टवर चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो पाठवला.

बालिंट साधारण ६० टक्के मतं घेऊन जिंकल्या, ग्रे यांना ३७ टक्क्यांच्या आसपास मिळाली. त्या प्रायमरीत मतं पडली जेमतेम लाखभर. नोव्हेंबरमध्ये शेजारीणबाई म्हणाल्या तसंच झालं. रिपब्लिकन प्रायमरी जिंकलेले लियाम मॅडन स्वतःला अपक्षच म्हणवत, त्यामुळे त्यांच्याच पक्षाने हात वर केले होते. बालिंट सहज निवडून आल्या, व्हरमाँटच्या पहिल्या स्त्री खासदार म्हणून. गंमत म्हणजे त्याच दिवशी याच मतदारांनी रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांनाही भरघोस मतांनी पुन्हा निवडलं. इथला माणूस पक्षापेक्षा ओळख बघतो, ते असं. दोन वर्षांनी नॉर्थ डकोटातली एकुलती एक जागा मोकळी झाली. तिथे पक्ष उलटा, पण कथा तीच. निकाल जूनच्या रिपब्लिकन प्रायमरीतच लागल्यात जमा होता आणि ज्युली फेडोरचॅक त्या राज्यातून प्रतिनिधीगृहात जाणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आपल्या मंडळींशी बोलताना अजूनही जाणवतं, नागरिकत्व मिळेपर्यंत आपण पंधरा-पंधरा वर्षं थांबतो, कागद जपतो, तारखा पाठ असतात. नोव्हेंबरला उत्साहाने मतही देतो. पण प्रायमरी? "ती काय, पक्षांची अंतर्गत बाब." मीही असंच म्हणत होते. ज्या राज्यात एका पक्षाचं पारडं जड आहे, तिथे घरातलं भांडण हीच निवडणूक असते. तारीख बघून ठेवा आणि मतपत्रिका मागून घ्या.

त्या रात्री अण्णांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इथल्या यादीतून तुझं नाव काढलं, तेव्हा मला वाईट वाटलं होतं गं. आता तिथल्या यादीत आहे ना? मग झालं. पुढच्या वेळी सकाळी लवकर जा, दुपारी गर्दी होते."

आमच्या गावात दुपारी गर्दी होत नाही. पण मी दरवेळी सकाळीच जाते.