श्रावणमास दक्षिणा

श्रावणमास दक्षिणा ही मराठेशाहीत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना राज्याच्या खजिन्यातून द्रव्य देण्याची प्रथा होती. पेशव्यांच्या काळात पुणे हे तिचे केंद्र होते. पेशवाई संपल्यानंतर बदललेल्या स्वरूपात ती टिकली आणि पुढे महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाला व मराठी ग्रंथनिर्मितीला तिचा आधार मिळाला.

दरबारातील इतर देणग्या

पेशवे दरबारात सणावारी देण्याघेण्याचे अनेक प्रघात होते. दसऱ्याला सरदार व मानकरी यांचा पोशाख देऊन सन्मान होत असे, तर मकरसंक्रांतीला दूरच्या स्नेह्यांना पत्रासोबत तीळ-शर्करा पाठवीत. या देणग्यांमागे मानमरातब व स्नेहसंबंध जपण्याचा हेतू असे. दक्षिणेमागची कल्पना धर्मकृत्याची आणि विद्येला राजाश्रय देण्याची होती.

उगम आणि विस्तार

सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे ही प्रथा चालविली होती. इ.स. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव मारले गेले. त्यानंतर पहिल्या बाजीरावांनी ती पुण्यात चालू ठेवली. पुढे नानासाहेबांच्या कारकिर्दीत तिचा व्याप फार वाढला. दूरदूरच्या प्रांतांतून वैदिक व शास्त्री पुण्यास येऊ लागले.

वाटपाची पद्धत

नामांकित शास्त्र्यांची योग्यता पाहून त्यांना अधिक रक्कम दिली जाई. सामान्य याचकांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी 'रमणा' नावाचे आवार होते. त्यांना आत घेऊन दारे बंद करीत आणि दक्षिणा देऊन एकेकास बाहेर सोडीत. त्यामुळे कोणास दोनदा दक्षिणा घेता येत नसे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी स्वतःच्या भावालाही योग्यतेपेक्षा अधिक दक्षिणा देऊ दिली नाही, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. नात्यागोत्याची व गर्दीची भीड विद्वत्तेच्या कसोटीला किती अडचणीची होती, हे त्यावरून कळते.

इंग्रजी अंमल

इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला. दक्षिणा एकाएकी बंद केल्यास असंतोष माजेल, हे जाणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ती कमी करून सुमारे ५०,००० रुपयांवर आणली. या निधीच्या आधारे ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ या पाठशाळेत आहे.

दक्षिणेचा वाद

दक्षिणा ब्राह्मणांपुरतीच मर्यादित होती. तिचा पैसा मात्र साऱ्या रयतेच्या करातून येत असे. इ.स. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारक तरुणांनी, या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या निर्मितीसाठी खर्च करावा, असा अर्ज सरकारकडे करण्याचे ठरविले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यात अग्रभागी होते आणि महात्मा जोतीराव फुले यांचा त्यांना पाठिंबा होता. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. तरीही सरकारने मागणी मान्य केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. तिने मराठी ग्रंथकारांना व भाषांतरकारांना पारितोषिके दिली.

महत्त्व

पुढे या निधीतून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दक्षिणा फेलो होते. श्रावणातील एका दानाचे अशा रीतीने सार्वजनिक विद्यानिधीत रूपांतर झाले.