शेवटची शिट्टी होईपर्यंत जागा सोडू नका!

२६ मे १९९९. बार्सिलोनात फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची फायनल. नव्वद मिनिटं संपली आणि बायर्न म्युनिक १-० ने पुढे. युरोपीय फुटबॉल संघटना युएफाचे अध्यक्ष लेनार्ट योहानसन करंडक द्यायला जागेवरून उठून खाली निघाले. ते मैदानापाशी पोहोचले तेव्हा त्यांना दिसलं भलतंच: जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत! मधल्या काळात मँचेस्टर युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शायरनं भरपाईच्या वेळेत दोन गोल ठोकले होते.

१३ मे २०१२. मँचेस्टर सिटी घरच्या मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध १-२ ने मागे. काही चाहते हताश होऊन बाहेर पडले. ९२व्या मिनिटाला झेकोचा गोल, मग ९४व्या मिनिटाला अग्वेरोचा. सिटीनं ४४ वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली, आणि लवकर निघालेल्यांना तो जल्लोष बाहेरूनच ऐकावा लागला!

लोक लवकर निघतात त्याला कारणं आहेत. शेवटची ट्रेन, पार्किंगमधली कोंडी, सोबत पेंगुळलेली मुलं. पण खेळाडूंना रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या दिसतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये क्रिस्टल पॅलेसनं ८२व्या मिनिटाला आघाडी घेतल्यावर लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरचे प्रेक्षक उठू लागले, तेव्हा आपल्याला फार एकटं वाटलं, असं लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप म्हणाले होते.

२०२२ च्या विश्वचषकात वाया गेलेला वेळ जास्त काटेकोरपणे भरून दिला गेला. म्हणजे नव्वदीनंतर अजून बराच खेळ उरलेला असू शकतो. थांबा मंडळी!

तुम्ही लवकर उठल्यामुळे हुकलेला गोल कोणता?