पाहुण्यांची पाळी

दिवेआगरात राहायची सोय म्हणजे वाडीच्या पोटातल्या दोन-चार खोल्या. रस्त्यावरून घर दिसत नाही. आधी चिऱ्याचा गडगा, मग पोफळी, मधूनमधून माड, केळी, विहीर आणि मग कुठे अंगण. ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळा करत आलेला माणूस त्या सावलीत शिरला की त्याचा आवाजच खाली येतो. पहिल्यांदा लोक समुद्रासाठी येतात. दुसऱ्यांदा येतात ते वाडीसाठी आणि ताटासाठी, हे मी घरात पाहुणे ठेवते तेव्हापासून बघते आहे.

ही सोय कुणी योजना आखून उभी केलेली नाही. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा मराठी ताम्रपट इथला, म्हणून अभ्यासकांना गाव ठाऊक होतं. रूपनारायणाची मूर्ती बघायलाही कुणी कुणी यायचं. बाकी आम्ही आणि आमची सुपारी. १७ नोव्हेंबर १९९७ ला, संकष्टीच्या दिवशी, गावातल्या एका सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. मग एसट्या भरभरून माणसं यायला लागली. दर्शन झालं की विचारायची, जेवायला कुठे मिळेल? सासूबाईंनी ओटीवर पानं मांडली. रात्री थांबणारे आले, तेव्हा सुपारी साठवायची खोली रिकामी करून दिली. घरोघर असंच झालं. नोंदणी, दरपत्रक, पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना हे सगळं मागाहून आलं.

या धंद्याने घरात काय बदललं ते सांगायलाच हवं. सुपारी वाळवायची, सोलायची, व्यापाऱ्याला घालायची. पैसा यायचा वर्षातून एकदा आणि तो पुरुषांच्या हातात. सोलणारे हात बहुतेक बायकांचे. पाहुण्याचा पैसा त्याच दिवशी मिळतो आणि जिने रांधलं तिला मिळतो. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, सोलकढी, आदल्या दिवशी सांगितले असतील तर उकडीचे मोदक. नारळ खवण्यापासून उकड मळण्यापर्यंत मोदकात अर्धा दिवस जातो. पण त्या पैशावर आमच्या आळीतल्या मुली पुण्याला शिकल्या.

मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा वितळवला गेला. त्यानंतर पाहुणे कमी झाले, तरी येत राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, त्या दिवशी गावात डोळे न पुसणारं माणूस मी पाहिलं नाही.

खरा घाव त्याआधीच बसला होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पोफळ उंच आणि बारीक, वाऱ्यात कमरेतून मोडते. एक माड पडला की चार पोफळी घेऊन जातो. दुपारनंतर बाहेर आलो तर अंगणातून थेट आभाळ दिसत होतं. कोरोनामुळे पाहुणेही बंद. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर खायचं काय? म्हणून पुष्कळांनी मोडलेल्या वाडीत खोल्या बांधल्या. त्यांना मी बोल लावत नाही. पण झाडाच्या जागी खोली आली की तिथे पुन्हा झाड येत नाही, आणि सावलीच उरली नाही तर पाहुण्याने आमच्याकडेच का उतरावं?

आमचा गणपती सापडला त्याच वर्षी, १९९७ मध्ये, नेपाळच्या स्याङ्जा जिल्ह्यात सिरुबारी या गुरुंग गावाने घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. डोंगरावरचं, निवृत्त गुरखा सैनिकांचं गाव. तिथे पाहुणा येतो तो अख्ख्या गावाचा. वेशीवर वाजतगाजत, हार घालून त्याला घेतात आणि कुणाच्या घरी उतरायचं ते गावाची समिती पाळीने ठरवते. मिळकतीतला काही भाग गावाच्या कामाला जातो. हे वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे दिवाळी-नाताळात समुद्राजवळच्या घरांत पाय ठेवायला जागा नसते आणि आतल्या आळीत एकटी राहणारी बाई धुतलेल्या चादरी घालून फोनची वाट बघत असते. फोटोत उठून दिसावं म्हणून कुणी पोहायचा तलाव बांधतो. पाणी मात्र त्याच जमिनीतलं, आणि मे महिन्यात विहिरी आधीच तळाला गेलेल्या.

पाळी आमच्या आगराला नवी नाही. सामाईक विहिरीचं पाणी पाळीनेच शिंपायचं, हे सासूबाईंच्या आधीपासूनचं. मग पाहुण्यांचं का नाही? लोक म्हणतात, आमची ठरलेली गिऱ्हाइकं तुटतील. ती नका तोडू. ज्याला ज्या घराची सवय आहे त्याने तिथेच उतरावं. नवखा, ऐन गर्दीत आलेला पाहुणा तेवढा पाळीने द्यावा.

आमच्या आळीतल्या बायकांनी गेल्या दिवाळीपासून एक वही ठेवली आहे. कुणाकडे किती खोल्या, कुठे शाकाहारी, कुठे मासे. एका घरची जागा भरली की वहीतल्या पुढच्या घरी फोन जातो. जास्तीचे मोदक असले की सगळ्या एका चुलीशी जमतो आणि पैसे वाटून घेतो. ग्रामसभेत आता दोन गोष्टी मांडायच्या आहेत. ही वही सगळ्या गावाची व्हावी, आणि दर खोलीमागे थोडे पैसे काढून किनाऱ्यावरचा कचरा उचलायला माणसं ठेवावीत. तिसरं मी एकटीच बोलणार आहे: नवी खोली बांधणाऱ्याने आधी वाडीत पोफळीची रोपं लावून दाखवावीत.