टेकडीवरचा मार्च

पहाटे ५.३०

मार्चमध्ये टेकडीला पाणी द्यायचं तर उजाडायच्या आत पोचावं लागतं. नऊच्या पुढे मुरूम तापायला लागतो आणि मग घातलेलं पाणी मुळापर्यंत जायच्या आधीच उडून जातं. राखणदार मामा माझ्या आधी आलेले असतात.

"ताई, वरची टाकी भरलीय. पण मधल्या टप्प्याची नळी खारींनी कुरतडली."

कुरतडलेल्या जागेवर आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळतो. पाणी पुढे सरकतं.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या या टेकडीचा एक उतार आमचा नागरिकांचा गट वनखात्याच्या परवानगीने सांभाळतो. इथे वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच येऊन जातो. मोठ्या झाडांचं पुढे निभावतं, कारण त्यांची मुळं काळ्या कातळातल्या भेगा शोधत खोल गेलेली असतात. दोन वर्षांच्या रोपाला ती वाट अजून सापडलेली नसते. ती सापडेपर्यंत तीन उन्हाळे त्याला माणसाने पाणी द्यावं लागतं. आम्ही रोपाला आठवड्याला दहा लिटर धरतो, म्हणजे हजार रोपांना दहा हजार लिटर. होळीपासून मृगापर्यंत दर आठवड्याला एक मोठा टँकर. टेकडी हिरवी करण्याच्या सगळ्या बोलण्यात हा हिशोब सगळ्यांत कमी ऐकू येतो, म्हणून तो मी सगळ्यांत आधी मांडते.

६.४५

फिरायला येणारे चढू लागतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात पाच लिटरचा कॅन असतो. पाइप जात नाही अशा कातळाच्या कडेची रोपं या कॅनांवरच जगली आहेत. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा रोज एकाच वावळाच्या रोपाला पाणी घालतात आणि दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत. अशी दत्तक रोपं सहसा मरत नाहीत. टेकडीची खरी ठेव हीच माणसं आहेत. देणगी मागायला गेले की मी आधी त्यांच्याबद्दल सांगते.

७.३०

आता गिरिपुष्प. उतारावर सगळीकडे त्याचे गुलाबी तुरे आहेत. मूळचं हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतं. उघड्या टेकड्या लवकर झाकायच्या होत्या तेव्हा ते पुण्याभोवती भरपूर लावलं गेलं, आणि टेकड्या झाकल्याही गेल्या. पण त्याच्या दाट गर्दीखाली गवत विरळ होतं, दुसरं रोप वर येत नाही. उन्हाळ्यात शेंगा तडकतात, बी लांब उडतं आणि गर्दी आणखी वाढते.

ते सरसकट कापून टाका म्हणणारे आहेत, आणि त्याला हात लावू नका म्हणणारेही. मला दोन्ही पटत नाही. एकदम कापलं तर उतार उघडा पडतो आणि पहिल्याच वळवात माती खाली येते. म्हणून आम्ही खात्याकडून लेखी परवानगी घेऊन, फांद्या मोजून, थोडी थोडी विरळणी करतो. उघडलेल्या जागेत इथलीच झाडं येतात: मेडशिंगी, शिवण, धावडा, मोई, पळस, बहावा. शेजारचं गिरिपुष्प त्यांना पहिली दोन वर्षं सावली देतं. कापलेला पाला रोपांच्या आळ्यात अंथरतो, तो ओल धरतो आणि कुजून खत होतो.

आज कॉलेजची चार मुलं मदतीला आहेत. त्यांतल्या एकीने विचारलं, "काकू, हे वाळलेलं गवतही काढायचं का?" नाही. कुसळी, मारवेल ही गवतं टेकडीची आहेत. दख्खनच्या या उतारांवर मुळात दाट रान नव्हतंच. गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली झाडं अशीच इथली ठेवण होती. गवत काढून झाडं कोंबली तर टिटवीपासून सशापर्यंत सगळ्यांचं घर मोडतं. गवत फक्त आळ्यापुरतं काढायचं, आणि जाळरेषेवर.

९.००

जाळरेषा म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा. वणवा तिथे येऊन अडतो, निदान त्याचा जोर तरी मोडतो. हे काम खरं तर थंडी सरतानाच संपवायचं असतं, कारण फेब्रुवारीपासून एक काडी पुरते. आग बहुतेक वेळा माणसाकडूनच लागते: फेकलेली विडी, पायथ्याशी पेटवलेला कचरा, किंवा जाळलं की गवत चांगलं फुटतं हा जुना समज. मोठं झाड आगीतून वाचतं. तीन वर्षं पाणी पाजलेलं रोप दहा मिनिटांत जातं.

मामा आणि दोन मजूर बायका पट्टा झाडून काढताहेत. सुकलेला पाला पट्ट्यावर पुन्हा उडून येतो, म्हणून तो झाडायचाही पुन्हा पुन्हा. या कामाचा फोटो चांगला येत नाही आणि त्यासाठी कुणी पाटी लावून पैसे देत नाही. मजुरी मात्र रोज द्यावी लागते.

११.१५

वनखात्याच्या कार्यालयात. विरळणीच्या परवानगीची मुदत वाढवायची आहे आणि नगर वन योजनेबद्दल विचारायचं आहे. ५ जून २०२० ला केंद्राने शहरांमध्ये दोनशे वनं उभारण्याचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा पुढे ठेवलेला नमुना पुण्याचाच होता, वारज्याची वनटेकडी. पुढे योजनेत हेक्टरी चार लाख रुपयांची मदत ठरली आणि नगर वनासाठी दहा ते पन्नास हेक्टरांची मर्यादा. कुंपण, पाणी, वाटा, रोपं यांना हा पैसा मोठा आधार देतो. पण तो खात्याच्या हातून खर्च होतो आणि त्याचा आराखडा खातंच करतं. आमच्यासारख्या गटाने तिथे मागायचं ते आराखडा ठरताना बसायला जागा. आज मी तेवढंच मागितलं, लेखी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, दोन प्रश्न विचारले आणि पावसाळ्याआधी टेकडीवर येऊन सगळं बघतो म्हणाले.

दुपारी १.३०

एका कंपनीचे अधिकारी टेकडी बघायला आले. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात असे फोन वाढतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि वर्ष ३१ मार्चला संपतं.

"मॅडम, आमचे दीडशे लोक शनिवारी येतील. एका दिवसात किती रोपं लागतील?"

"मार्चमध्ये एकही नाही."

ते थांबले. मी त्यांना सकाळी पाणी घातलेल्या रोपांकडे नेलं आणि पाल्याखाली हात घालायला सांगितलं. खालची माती ओली होती. हातभर पलीकडची जमीन दगडासारखी. आत्ता लावलेलं रोप या जमिनीत आठवडाभर तग धरणार नाही, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

त्यांनी मियावाकी पद्धतीबद्दल विचारलं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही दाट लागवड, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं. शहरातल्या एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात, जिथे माती तयार करता येते आणि पाणी हाताशी असतं, तिथे तिचा उपयोग आहे. मुरमाड, गवताळ उतारावर ती बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी ते देणगीदारासमोरही बोलते. पैसे हवेत म्हणून टेकडीला न मानवणारं काम घेतलं तर ते निस्तरायला पुढे दहा वर्षं जातात.

मग मुद्द्याची गोष्ट. याच कायद्यात अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची तरतूद आहे. असा प्रकल्प मंजूर झाला तर न संपलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. रोपाला लागतात तेही तीनच उन्हाळे. मी त्यांना म्हटलं, "रोपाचे पैसे नका देऊ. रोपं आमच्या रोपवाटिकेत आहेत, बी याच टेकडीवरून गोळा केलेलं आहे. तीन वर्षांचा राखणदार द्या, टँकर द्या, जाळरेषेची मजुरी द्या. आणि तुमची माणसं शनिवारी जरूर आणा. त्यांना समतल चर खणायला देते."

उतारावर एकाच पातळीत खणलेले हे चर, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल, धावणारं पाणी अडवून जिरवतात. दीडशे माणसांच्या एका सकाळच्या कामातून जूनच्या पावसाला थांबायला पुष्कळ जागा होईल. पातळी काढायला आमच्याकडे बांबूची ए-चौकट आहे, मधोमध ओळंबा बांधलेली. साहेबांनी ती स्वतः धरून दोन खुणा केल्या. जाताना त्यांनी प्रस्ताव आजच मागितला.

४.३०

घरी हिशोब. लेखापरीक्षकांना कागद द्यायचे आहेत. दोन हजारांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, म्हणून तीन जणांना फोन करून रक्कम बँकेतून पाठवायला सांगितलं. तिघांनीही लगेच पाठवली.

५.५०

मामांचा फोन. पूर्वेच्या कडेला धूर. १९२६ या वनखात्याच्या मदत क्रमांकावर कळवलं, गटावर निरोप टाकला आणि निघाले. मी पोचले तोवर वनरक्षक ब्लोअर घेऊन आले होते, मामा आणि फिरायला आलेले दहा-बारा लोक ओल्या फांद्यांनी कडा झोडत होते. आग जाळरेषेपर्यंत आली आणि तिथेच दबली. पट्ट्याच्या अलीकडे मेडशिंगीची सगळी रोपं उभी. सकाळी त्याच पट्ट्यावर झाडू मारणाऱ्या दोघी बायकाही आल्या होत्या. मी त्यांना तिथे नेलं आणि त्यांच्या कामाने काय वाचलं ते एकेक रोप दाखवत सांगितलं.

रात्री ८.३०

प्रस्ताव. गटातला तरुण मुलगा लॅपटॉपवर तक्ता करतोय, मी सांगतेय. पहिला खर्च राखणदाराचं वेतन, विम्यासह, तीन वर्षांचं. दुसरा पाणी. तिसरा जाळरेषा, दरवर्षी डिसेंबर ते मार्च. मग विरळणी, अवजारं, ब्लोअर. रोपवाटिका सगळ्यांत शेवटी, तिला लागतं फार थोडं.

"काकू, कंपनीच्या नमुन्यात 'लावलेल्या रोपांची संख्या' असा रकाना आहे. तिथे काय लिहू?"

"तो असू दे. त्याच्या शेजारी आणखी एक कर: तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेली. आणि लिही, शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतर द्यावा, मोजणीला त्यांनीच माणूस पाठवावा."

"शेवटचा हप्ता अडकला तर?"

"म्हणून तर राखणदार पहिल्या ओळीत घेतला. आता टँकरवाल्याला निरोप टाक, उद्या पाचला हवाय. आजच्या आगीच्या कडेची रोपं भाजली नसली तरी तापलीत, त्यांना पहिलं पाणी."