बलसंवर्धन आणि उष्मांकांचा हिशेब : नंदुरबारच्या आहाराच्या संदर्भात

बलसंवर्धनाचा विचार निघाला की चर्चा बहुधा प्रथिनांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पोलीस वा सैन्यभरतीच्या तयारीसाठी वजने उचलणारा, जोर-बैठका काढणारा तरुण प्रथिनांच्या चूर्णासाठी पदरमोड करतो. परंतु ताटातील भाकरी आणि तेल पुरेसे आहे की नाही, हे क्वचितच तपासतो. प्रथिने आपले कार्य केव्हा करू शकतात, हाच प्रस्तुत लेखातील प्रश्न आहे. आहारातील उष्मांक अपुरे असतील, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. पिष्टमय व स्निग्ध पदार्थ पुरेसे मिळाले, तरच प्रथिने स्नायूंच्या बांधणीसाठी शिल्लक राहतात. शास्त्रज्ञ यास प्रथिनांचे रक्षण म्हणतात.

प्रथम स्नायूंच्या इंधनाचा विचार करू. एकच जड वजन झटक्यात उचलताना पहिले काही सेकंद स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेट उपयोगी पडते. तेच वजन आठ-दहा वेळा उचलावयाचे झाल्यास ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठविलेल्या शर्करेचा, आधार घ्यावा लागतो. प्रौढ मनुष्याच्या स्नायूंत हा साठा साधारणतः ३०० ते ५०० ग्रॅम असतो, तर यकृतात सुमारे १०० ग्रॅम. स्वीडनमधील बेर्गस्ट्रोम व हुल्टमन यांनी १९६६ साली स्वतःवरच एक प्रयोग केला. दोघांनी एकेकच पाय वापरून सायकल चालविली व नंतर तीन दिवस पिष्टमय पदार्थांनी समृद्ध आहार घेतला. श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट भरले. हा प्रयोग दीर्घ श्रमाचा होता, वजने उचलण्याचा नव्हे. तथापि रिता झालेला स्नायू आहारातील शर्करा स्वतःकडे ओढून घेतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

स्निग्ध पदार्थांचे कार्य निराळे आहे. तीव्र श्रमाच्या क्षणी त्यांचा वाटा अल्प असतो; परंतु विश्रांतीच्या दीर्घ काळात शरीर मुख्यत्वे त्यांवरच चालते. एका ग्रॅमात पिष्टमय पदार्थ ४, तर स्निग्ध पदार्थ ९ उष्मांक देतात. शिवाय आवश्यक मेदाम्ले व अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे त्यांच्यावाचून शरीरास नीट लाभत नाहीत. उष्मांकांची तूट दीर्घकाळ राहिल्यास संप्रेरकांचे कार्य मंदावते. स्त्री-खेळाडूंची मासिक पाळी अनियमित होणे वा थांबणे हे त्याचे ठळक लक्षण होय.

कोल्हापूरच्या तालमींनी हे अनुभवाने ओळखले होते. मल्लाच्या खुराकात दूध, तूप व बदामाची थंडाई यांना जे स्थान आहे, ते केवळ प्रथिनांमुळे नव्हे; हजारो जोर-बैठकांचा खर्च भागविण्यास लागणारे उष्मांक थोड्या आकारमानात त्यांतून मिळतात. मात्र हा खुराक महाग आहे. राजाश्रयावर वा गावाच्या वर्गणीवर पोसला जाणारा मल्ल आणि सातपुड्यातील विद्यार्थी यांची परिस्थिती एक नव्हे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून निराळा झालेला नंदुरबार हा बहुसंख्य आदिवासी वस्तीचा जिल्हा आहे. बालकुपोषणामुळे तो वारंवार चर्चेत येतो. तेव्हा येथील तरुणास आहाराविषयी चुकीची दिशा दाखविणे अधिकच नुकसानीचे आहे. आता हिशेब मांडून पाहू. ६० किलो वजनाच्या, नित्य कसून व्यायाम करणाऱ्या तरुणास दर किलोमागे सुमारे ६ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व १·६ ग्रॅम प्रथिने धरू, आणि एकूण उष्मांकांचा तीस टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा मानू. ज्वारीचे पीठ ४०० ग्रॅम, शेंगदाणे ७५ ग्रॅम, तुरीची डाळ ८० ग्रॅम, गाईचे दूध अर्धा लिटर व तेल ३० ग्रॅम एवढ्यातून सुमारे २६०० उष्मांक, ३५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, ९० ग्रॅम प्रथिने व तितकेच स्निग्ध पदार्थ मिळतात. भाजीपाला व फळे यांखेरीजचा हा हिशेब आहे. यातील ज्वारी, भुईमूग व तूर ही परिसरातील परिचित पिके आहेत. ज्वारीऐवजी काही अंशी मका वा भगर चालेल.

मोहाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्याची वाळलेली फुले शर्करायुक्त असतात व बियांतून खाद्य तेल निघते. या तेलातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असल्याने शेंगदाण्याच्या तेलास जोड म्हणून ते योग्य. सर्वस्वी त्यावरच विसंबणे इष्ट नव्हे.

वेळेचे भानही आवश्यक आहे. स्निग्ध पदार्थ जठरात अधिक काळ राहतात. म्हणून व्यायामापूर्वी दोन-तीन तास भाकरी-डाळीचे हलके जेवण घ्यावे आणि शेंगदाणे, तेल यांचा मोठा वाटा व्यायामानंतरच्या जेवणात ठेवावा. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्याशिवाय हा हिशेब स्वीकारू नये.

तात्पर्य, प्रथिनांचा प्रश्न उष्मांकांच्या प्रश्नानंतरचा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनाचे उपयुक्त क्षेत्र आहे. वसतिगृहांतील विद्यार्थ्यांच्या ताटातील अन्न प्रत्यक्ष तोलून आठवडाभर नोंदवावे, त्यांच्या वजनाची व बळाची मोजणी करावी आणि तूट नेमकी कशाची आहे हे पाहावे. ती तूट भाकरीची व तेलाची निघाली, तर उपायही चूर्णाच्या डब्यात न शोधता भोजनगृहाच्या शिध्यात शोधावा लागेल.